कीळवासलच्या बाजारातली आमची मराठी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर अर्धा किलो वांगी घेतली.

शुक्रवारची सांज होती. तंजावरच्या जुन्या पूर्व दरवाज्यापाशी जो बाजार भरतो त्याला कीळवासल म्हणतात. तिथं आमची एक ठरलेली भाजीवाली. जाडजूड बाई, नाकात दोन्हीकडं चमक्या, पुढ्यात वांग्यांची टोपली. तिच्या तोंडासमोर उभा राहून मी बायकोला मराठीत म्हणालो, "अस्की किडकी आहेत, सगळीच्या सगळी. आणि तागडीवर अंगठा दाबते ही जाडी. चल पुढं."

"गप उभे राहा हो," बायको म्हणाली. "मी आहे की."

आणि खाली बसून ती एकेक वांगं उलटंसुलटं करून बघू लागली. भाजीवाली हसली. मला वाटलं, शेजारच्या कोथिंबीरवालीकडं बघून हसली. वजन झाल्यावर तिनं वर दोन वांगी टाकली आणि सगळी बायकोच्या पिवळ्या पिशवीत ओतली. ती पिशवी म्हणजे आमच्याकडं कापडदुकानात लग्नाचा बस्ता घेतला की फुकट देतात तसली. उठताना बायकोनं माझा खांदा धरला. एरवी धरत नसे.

मी म्हणालो, "म्हातारी झालीस."

"तुम्ही तर जन्मलात तेच म्हातारे," ती म्हणाली.

मग बसनं घरी आलो. रविवारी दुपारी चिंचगूळ घातलेली ती भरली वांगी आम्ही जेवलो, ती आडवी झाली, आणि उठली नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाला. मी म्हटलं, असं कसं बंद पडलं, काही झालंच नव्हतं तिला. तो म्हणाला, काही तरी होत असणार, सांगितलं नसेल. मी त्याच्यावर ओरडलो. आमच्या घरात लपवाछपवी नाही म्हणालो.

आता, तिकडच्या मराठी माणसाला पुढचं कळायचं तर आमचं इकडं कसं असतं ते सांगायला पाहिजे. आमचे लोक मराठे राजांच्या मागोमाग तंजावरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी तमिळ शाळेत चार यत्ता शिकलो. मराठी अक्षरं बापानं ओट्यावर बसवून शिकवली, भजनाची वही वाचता यावी म्हणून. तेवढ्यावरच हे लिहितोय. पुढं मी ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत शिपाई होतो, रोज बसनं जाऊन येऊन.

बापानं आणखी एक शिकवलं. बाजारात जायचं ते दोघांनी. एकानं विकणाऱ्याशी तमिळमध्ये भाव करायचा आणि दुसऱ्यानं मराठीत सांगत राहायचं. ज्यास्ती सांगतोय. माल कालचा आहे. निघाल्यासारखं कर, बोलावील मागून. विकणाऱ्याला एक अक्षर कळत नाही, तो नुसता आपल्या तोंडाकडं बघत बसतो. आमच्यात सगळे असंच करत आले. आमची भाषा तंजावरात दुसऱ्या कशाच्या कामाला येत नाही. तिच्यात कागद लिहीत नाहीत, तिच्यात पाटी नाही, पोरं ती ऐकतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. मठात आम्ही म्हातारे मंगळवारी भजनाला जमतो, तिथंसुद्धा भजन मराठीत आणि भांडण तमिळमध्ये. उरली ती बाजारात. तिथं ती आमची दोघांची होती.

मी ती जपली. एकदा शेजारची पोरगी बायकोला म्हणाली, मामी, मला तुमची भाषा शिकवा ना. बायकोनं हौसेनं दोन वाक्यं शिकवलीसुद्धा. मी घरी आलो तर ती पोरगी दारात मला म्हणते, "या, बसा." मी तिला घरी पाठवली आणि बायकोला म्हणालो, "आपली भाषा म्हणजे काय वाटायचा प्रसाद आहे? उद्या अस्क्या गावाला कळेल आपण काय बोलतो ते." बायको काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे कबूल, असं मी लग्नापासून धरून चाललो होतो.

शुक्रवारची आमची फेरी होती. पेन्शन लागल्यावर तर एकही चुकली नाही. चार वाजता मेलवीधीतल्या घराला कुलूप लावायचं. आधी अय्यनकडै. ती पितळेच्या भांड्यांची गल्ली. समया, तांबे, जेवायची ताटं, ठोकण्याचा आवाज इतका की बोलायचं तर ओरडावं लागे. घेत काही नव्हतो. ती एखादी समई उचलून वजन बघायची आणि ठेवायची. अलीकडं तिथंसुद्धा लाल-निळ्या प्लास्टिकच्या घागरी टांगलेल्या दिसायला लागल्या. कोपऱ्यावर काचेचं दार असलेलं दुकान झालं, आत गार हवा, रंगीत टीव्ही ओळीनं मांडलेले, सगळ्यांत एकच बाई नाचत असलेली. प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी चिकटवलेली. बायकोला ते दुकान आवडायचं. मला नाही. तिथं भाव करायचा नाही म्हणजे आमच्या मराठीला कामच नाही. मी आत नुसता हात मागं बांधून उभा. मी म्हणायचो, "चल, बेगी चल." ती म्हणायची, "इथं कुणाला नावं ठेवावी लागत नाहीत, बघा. किती बरं वाटतं." ती चेष्टा करते असं मला वाटायचं.

मग वीणा करणाऱ्यांची गल्ली. फणसाचं लाकूड, भुसा, आणि मेण तापवल्याचा वास. वीणेच्या दांडीवर काजळी घातलेलं काळं मेण थापतात आणि त्यात पितळी पडदे बसवतात. पडदा जरा सरकला तर सूर बिघडतो, म्हणून कारागीर एकच तार शंभर वेळा छेडतो. बायको समोरच्या घराच्या ओट्यावर बसून ते ऐकायची. पुरं गाणं कधी व्हायचंच नाही, नुसता सूर लावणं. मी म्हणायचो, "बहिरा असेल गं हा. एवढा वेळ लागतो?" कारागीर वर बघायचा नाही. बायको म्हणायची, "ऐका तरी." मी कधी ऐकलं नाही. माझं लक्ष पुढच्या कॉफीकडं.

कॉफीचं दुकान चौकात. मालक दूध वरून ओततो, फेस येतो, पितळी पेला आणि वाटी. शेजारी केळ्याची भजी तळत असतात, दोन दोन घ्यायची. तिथं मी दर वेळी मराठीत एकच म्हणायचो, "पेला घाण पाण्यात बुचकळतो हा, बघून घे." आणि दर वेळी पुरी कॉफी प्यायचो. शेवटी कीळवासल, कारण भाजीचं ओझं शेवटी.

एवढंच आमचं शहर. तमिळ कानांच्या मधून आम्ही दोघं मराठीत बोलत चालायचो, आणि मला वाटायचं आम्ही दार लावून घेतलेल्या खोलीत आहोत. तोंडाला येईल ते मी बोलायचो. कुणाच्या नाकावर, कुणाच्या चालीवर, कुणाच्या पोरीच्या लग्नावर. ती हसायची किंवा कोपरानं ढोसायची. घरी मी एवढा बोलत नसे.

तेराव्यानंतर मुलगी मद्रासला परत गेली. ती तिकडं नोकरीला आहे. "अप्पा, इथं एकटे काय करणार, चला," असं ती तमिळमध्ये म्हणाली. मी मराठीत नाही म्हणालो. ती गेल्यावर घरात मराठी उरली नाही. मी मोजलं नाही, पण पंधरा दिवस तरी माझ्या तोंडून मराठी शब्द निघाला नसेल. दूधवाल्याशी तमिळ, पेपरवाल्याशी तमिळ. मठात गेलो नाही. मग एका शुक्रवारी मी पिवळी पिशवी घेतली आणि निघालो. काही घ्यायचं नव्हतं. फक्त चालायचं होतं. अय्यनकडैतून सरळ गेलो, वीणेची गल्ली टाळली, कॉफी घेतली नाही, आणि थेट कीळवासलला वांग्यांच्या टोपलीसमोर उभा राहिलो.

आणि सवयीनं डावीकडं मान वळवून मराठीत बोलून गेलो, "किडकी आहेत. चल पुढं."

डावीकडं कोणी नव्हतं. ते कळेपर्यंत समोरून उत्तर आलं.

"किडका नाय, अय्या. सकाळीच आला."

भाजीवाली बोलली. मराठीत. तमिळ हेल काढून, मोडकं, अय्या म्हणजे मालक एवढं तमिळ, पण बाकी मराठी. आमचीच मराठी. तिनं लगेच तोंडावर हात ठेवला, शब्द निसटून गेल्यासारखा.

मी विचारलं, "काय म्हणालीस?"

ती टोपलीतली वांगी सारखी करू लागली.

"तुला कळतं?" मी मराठीत विचारलं.

तिनं मान हलवली. "कळतंय."

"कधीपासून?"

तिनं बोटं मोजली नाहीत. म्हणाली, "अक्काची अम्मा वारली तेव्हापासून."

बायकोची आई पापनाशमला असायची. ती जाऊन अठरा-वीस वर्षं झाली. तेवढी वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून, तागडी धरून, मी तिच्या अंगठ्याबद्दल, तिच्या पोटाबद्दल, तिच्या दारुड्या नवऱ्याबद्दल जे बोललो ते सगळं ऐकत होती. शेजारची कोथिंबीरवाली आमच्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं तर तिनं नजर वळवली. म्हणजे तिलाही कळतं.

"कोणी शिकवलं?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"अक्कानं. मंगळवारी यायची. तुम्ही मठात जाता तेव्हा." मग तिची मराठी संपली आणि ती तमिळमध्ये बोलू लागली. आई गेल्यावर बायको बाजारात आली होती आणि भाजी घेता घेता रडायला लागली होती, मराठीत बोलत बोलत. भाजीवालीला काही कळलं नाही, पण तिनं तिला पोत्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, काय म्हणतेस अक्का, मला सांग. दुसऱ्या मंगळवारी ती परत आली. मग दर मंगळवारी. बायकोला मराठीत बोलायला आई होती, ती गेली, आणि दुसरी बाई नव्हती. म्हणून तिनं एक तयार केली.

मी म्हणालो, "मी होतो की."

भाजीवालीनं माझ्याकडं बघितलं. ती बाई तोंडाची फटकळ आहे, हे मी वीस वर्षं म्हणत आलो होतो. "होता की तुम्ही," ती म्हणाली. "पण तुम्ही बोलायचा, अय्या. तिला बोलायचं होतं."

"आणि हसत होता तुम्ही दोघी. माझ्यावर."

"हसायचो," ती म्हणाली. खोटं तरी बोलायची. "अक्का म्हणायची, त्यांना बोलू दे, त्यांचा तेवढाच एक आनंद आहे. राग धरू नको. मी नाही धरला. म्हणून तर वर दोन टाकते दर वेळी."

मला तिथं खाली बसायचं होतं, पण बसलो नाही. ती पुढं बोलत राहिली, आता हळू. "अक्काचा हात दुखायचा, अय्या. डावा. पोंगलच्या आधीपासून. मी म्हटलं, अय्याला सांग, मोठ्या दवाखान्यात जा. ती म्हणाली, सांगितलं तर ओरडतात. आधी ओरडतात, मग घाबरतात, मग दोन दिवस जेवत नाहीत. मग अक्का म्हणाली..."

"पुरे," मी म्हणालो. मराठीत म्हणालो आणि तमिळमध्ये म्हणालो आणि निघालो. मागून तिनं "अय्या, अय्या" म्हणून हाका मारल्या.

चौकात कॉफीच्या दुकानात गेलो. मालकानं न विचारता पेला पुढं केला. मी त्याला मराठीत विचारलं, "तुलाही कळतं काय रे?"

तो दुधाच्या भांड्याकडं बघत तमिळमध्ये म्हणाला, "पेला गरम पाण्यानं धुतलाय, अय्या. तुमचा पेला इतकी वर्षं वेगळा गरम पाण्यानं धुतो."

मी कॉफी तशीच ठेवली. वीणेच्या गल्लीकडं तर वळलोच नाही. बहिरा, बहिरा म्हणत होतो मी त्या माणसाला.

बस आली, बसलो. आजूबाजूची माणसं आपापसात तमिळमध्ये बोलत होती आणि मला वाटत होतं त्यांनासुद्धा माहीत आहे. सगळ्या तंजावराला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. माझी चूक झाली असेल, पण दगा तिनं केला. मी साफ लिहितो. एका घरात, एका ताटात जेवून, जी एकच गोष्ट मी सांभाळ म्हणालो ती तिनं माझ्या पाठीमागं बाजारात वाटली. आणि तेवढं करूनही एक वेळ मी गिळलं असतं. पण हाताचं दुखणं तिनं आपल्या भाषेत भाजीवालीला सांगितलं आणि मला कुठल्याच भाषेत नाही सांगितलं. रविवारी तिनं मला वाढलं तेव्हा ती उजव्या हातानं वाढत होती आणि डावा हात मांडीवर होता. मला आत्ता आठवतं. त्या डॉक्टरला मी म्हणालो होतो आमच्या घरात लपवाछपवी नाही. तो तोंडावर हसला नाही, हे त्याचं भलेपण.

घरी येऊन पिवळी पिशवी माळ्यावर फेकली. तिचा फोटो मुलीनं मोठा करून हार घालून ठेवला होता, त्याच्याशी भांडलो. मोठ्यानं भांडलो. "कशाला केलंस? मी काय परका होतो? तुझ्या त्या जाडीला जे सांगितलंस ते मला सांगायला तोंड नव्हतं?" शेजारच्यांनी दार वाजवलं, काय झालं म्हणून. मी तमिळमध्ये म्हणालो काही नाही. भात केला नाही. ताक प्यायलो आणि झोपलो.

सकाळी उठलो, चूल पेटवली. गॅस आहे, पण ती चूलच म्हणायची. कॉफीचं पाणी ठेवलं आणि म्हणालो, "साखर कुठं ठेवलीस?"

उत्तर नाही आलं. यायचं नव्हतंच. साखरेचा डबा समोरच होता. पण मी तिथं उभा राहिलो आणि मला दुसरंच सुचलं. काल ती भाजीवाली "मग अक्का म्हणाली" म्हणाली होती आणि मी तिला पुढं बोलू दिलं नव्हतं. बायकोनं काय म्हटलं ते तिला माहीत आहे आणि मला नाही. वीस वर्षांचे मंगळवार तिच्याकडं आहेत. माझ्याकडं शुक्रवार होते आणि त्यात मीच बोललो होतो.

पाणी उतरवलं. स्टुलावर चढून माळ्यावरची पिशवी काढली. पहिल्या बसनं गेलो.

कीळवासलला त्या वेळी खेड्यातून भाजीच्या गाड्या येतात. भाजीवाली लुगडं खोचून टोपल्या उतरवून घेत होती. मला बघून ती थांबली. मारायला आलो असं तिला वाटलं असेल.

मी मराठीत म्हणालो, "अक्का काय म्हणाली, ते पुरं सांग. मंगळवारचं अस्कं सांग. माझ्याबद्दल वाईट असेल तेही सांग. आणि मराठीत सांग. येईल तसं सांग, मोडकं चालेल."

तिनं घाम पुसला. म्हणाली, "गप उभा राहा, अय्या. टोपली उतरू दे."

मी उभा राहिलो नाही. पोत्यावर बसलो, जिथं बायको बसत असणार, आणि उतरलेली पहिली टोपली पुढ्यात ओढून वांगी निवडायला लागलो. चांगली एकीकडं, किडकी एकीकडं. किडकी होतीच, बरीच होती. ती मी तिला एकेक करून दाखवली.